ग्लासगोची वर्ल्डकॉन: पुढच्या वेळी जाणाऱ्यांसाठी

"वर्ल्डकॉनची बिझनेस मीटिंग म्हणजे आपल्या सोसायटीची वार्षिक सभा हो. तासाभरात आटपते, मग चहा." पुण्यात हे मला ज्या गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितलं, ते स्वतः त्या बैठकीला कधी बसलेच नव्हते, हे मला ग्लासगोला पोचल्यावर कळलं. तोवर माझ्या दोन सकाळी गेल्या होत्या.

वर्ल्डकॉन म्हणजे विज्ञानकथा आणि अद्भुतकथा वाचणाऱ्यांचं जागतिक संमेलन. १९३९ पासूनचं. २०२४ सालचं ८ ते १२ ऑगस्टला ग्लासगोत, क्लाइड नदीकाठच्या एसईसी या सभा-प्रदर्शनांच्या संकुलात झालं. याआधी १९९५ आणि २००५ ला तिथेच झालेलं, त्यामुळे अनेक पांढऱ्या केसांचे लोक घरच्यासारखे फिरत होते. मी पुण्याहून गेले, मावसबहीण लीड्सहून आली. वाचणाऱ्याचे पाय धड आहेत, बूट मुरलेले आहेत आणि पाठीवर सॅक घेऊन दिवसभर उभं राहता येतं, हे धरून लिहिते आहे. नसेल तर आधी सिंहगड चार वेळा करा, मग तिकीट काढा.

पहिली फसगत घरबसल्याच होते. सभासदत्व दोन भागांत असतं. मूळ सभासदत्व घेतलं की ह्यूगोला, म्हणजे याच संमेलनात दिल्या जाणाऱ्या विज्ञानकथांच्या पुरस्काराला, मत देता येतं, पण दारातून आत जाता येत नाही. आत जायचं तर त्यावर उपस्थितीचे वेगळे पैसे. मी नुसतं पहिलं भरून तीन महिने निर्धास्त होते. मत द्यायचं असेल तर ते पैसे वाया जात नाहीत, कारण नामांकित साहित्याचा बराचसा भाग सभासदांना वाचायला पाठवतात. पण नुसतं हिंडायला जाणाऱ्याने दोन्ही आकड्यांची बेरीज करून बघावी. पहिल्यांदा येणाऱ्यांना किंवा तरुणांना सवलत आहे का, हे विचारल्याशिवाय कार्ड काढू नका.

दुसरी फसगत हॉटेलची. पुण्यातल्या एजंटाने "संमेलनापासून दहा मिनिटं" म्हणून जे गळ्यात मारलं, ते गाडीने दहा मिनिटं होतं. पायी पन्नास. ऑगस्टमध्ये एडिंबरोला फ्रिंज महोत्सव चालू असतो, ग्लासगोत बॅगपाइपवाल्यांचा आठवडा सुरू होतो, त्यामुळे सगळीकडेच दर चढलेले. तरी मी जे मोजले त्याला लूट हाच शब्द आहे. खोलीत खिडकी होती, ती उघडत नव्हती. बहिणीने पहिल्या रात्रीच विचारलं, "ताई, तू नकाशा बघितला नव्हतास?" नव्हता. तुम्ही बघा. एजंटाला अंतर विचारू नका, एसईसीच्या दारापासून चालायची वाट स्वतः मोजा.

आता ती बैठक.

मी तिथे का गेले, ते आधी सांगते. २०२३ चं संमेलन चीनमध्ये चेंगडूला झालं. त्याच्या ह्यूगो नामांकनांचे आकडे जानेवारी २०२४ मध्ये बाहेर आले, तेव्हा दिसलं की आर. एफ. कुआंगच्या 'बेबल' कादंबरीला मतं भरपूर पडली होती, तरी ती 'अपात्र' ठरवून यादीतून काढली होती. कारण दिलेलंच नाही. तसेच आणखी काही जण. मग तिथल्या पुरस्कार समितीच्या आतल्या ईमेल फुटल्या आणि जगभरच्या वाचकांत महिनोन्‌महिने भांडणं. ते निवळतंय तोवर जुलैमध्ये ग्लासगोच्या पुरस्कार समितीने जाहीर केलं की ३,८१३ पैकी ३७७ मतं बाद केली आहेत. काही नावांत एकेका अक्षराचा फरक होता, काही नावं तर ओळीने आकड्यांची भाषांतरं होती. म्हणजे कोणी सभासदत्वं विकत घेऊन मतं घातली होती. ज्याच्यासाठी घातली त्याला ते माहीत असल्याचा पुरावा नाही, म्हणून त्याचं नाव सांगितलं नाही.

मला यावर सारखे जयंत नारळीकर आठवत होते. १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला गोष्ट पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांनी नाव बघून बक्षीस देऊ नये म्हणून. बक्षीस मिळालंच. तिथे एका माणसाने आपलं नाव लपवलं, इथे कोणीतरी नसलेली माणसं उभी केली.

तर हे सगळं जिथे निस्तरतात ती जागा म्हणजे सकाळची बिझनेस मीटिंग. उपस्थित सभासद असलात की कोणीही जाऊन बसा, मत द्या. निवडून आलेले प्रतिनिधी नाहीत, कार्यकारिणीची खाजगी खोली नाही. हे ऐकून मी हुरळले. आपल्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष कसा ठरतो हे आयुष्यभर वर्तमानपत्रातून वाचलेलं, आणि इथे पुण्याची बाई हात वर करून संमेलनाची नियमावली, म्हणजे घटना, बदलू शकते.

शुक्रवारी पूर्वतयारीची बैठक. त्या दिवशी ठरावांवर चर्चा होत नाही. कुठल्या ठरावावर किती मिनिटं चर्चा करायची, आणि कुठला विचारात घ्यायचाच नाही, यावर चर्चा होते. भांडायला वेळ किती, यावर भांडण. शनिवारी खरे ठराव. एक बाजूने बोलणार, एक विरुद्ध, घड्याळ लावलेलं. मध्येच कोणी उठून दुरुस्ती सुचवणार, दुरुस्तीला दुरुस्ती, मग चर्चा थांबवावी का यावर मतदान. शेजारच्या आजोबांच्या हातात नियमांचं जाडजूड पुस्तक होतं आणि त्यांना ते पाठ होतं.

हात वर करून निकाल कळला नाही तर मोजणी सापासारखी. त्या बाजूचे सगळे उभे राहतात, पहिला 'एक' म्हणून बसतो, दुसरा 'दोन' म्हणून बसतो, रांग संपली की मागच्या रांगेत वळण. मग दुसऱ्या बाजूसाठी पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यांदा मजा वाटते. दुसऱ्या वेळी मी माझा आकडा चुकले आणि आख्ख्या रांगेने मागे वळून बघितलं. पोटात कावळे, बाटली रिकामी, आणि बाहेर पडावं तर नेमका मला हवा तो पारदर्शकतेचा ठराव पुढे. लोहगडाच्या विंचूकाट्यावर भर उन्हात अडकल्यासारखं झालं. परतावं तरी पंचाईत, पुढे जावं तरी.

आणि एवढं करून मंजूर झालेली घटनादुरुस्ती लागू होतच नाही. पुढच्या वर्षीच्या संमेलनात पुन्हा मंजूर व्हावी लागते. हे मला शनिवारी दुपारी कळलं.

माझं मत स्पष्ट आहे. एक सकाळ बसा, शनिवारची. शुक्रवारची मुळीच नको. विषयपत्रिका आदल्या रात्री वाचून जा, नाहीतर कशाला हात वर केला हे कळणार नाही. पाण्याची बाटली आणि चिक्की सोबत हवी, आणि दाराजवळची खुर्ची. ज्यांना फक्त लेखक बघायचेत त्यांनी तिकडे फिरकू नये. पण ह्यूगोवर तावातावाने बोलणाऱ्या प्रत्येकाने ती सापमोजणी एकदा उभ्याने सोसावी, मग बोलावं.

बाकी कार्यक्रम शेकडो. खोल्या लहान, लोक जास्त. हवा तो परिसंवाद असेल तर वीस मिनिटं आधी रांगेत. लेखकासोबत मोजक्या लोकांच्या गप्पा असतात, त्यांची नावनोंदणी सुरू झाली की लगेच करा, मी उठेपर्यंत भरलेल्या. आतलं खाणं महाग आणि कोमट. पंधरा मिनिटं चालून फिनिस्टनला जा. नळाचं पाणी उत्तम, विकत घेऊ नका. केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालय जवळ आहे आणि फुकट आहे. एक दिवस लोमंड तळ्याला गेलो, छान होतं.

रविवारी रात्री ह्यूगो समारंभ, आर्माडिलो नावाच्या खवल्यांच्या सभागृहात. तीन हजार खुर्च्या. कादंबरीचा पुरस्कार एमिली टेशला मिळाला. पण माझा घसा बसला तो दुसऱ्या दोन वेळी. चेंगडूत ज्यांना विनाकारण अपात्र ठरवलं होतं त्यांतले पॉल वायमर चाहते-लेखक, म्हणजे हौसेने लिहिणारे, म्हणून जिंकले आणि शिरान जे झाओला नवोदितांचा अॅस्टाउंडिंग पुरस्कार मिळाला. शिवाय 'स्ट्रेंज होरायझन्स', २००० पासून स्वयंसेवकांनी चालवलेलं नियतकालिक, ज्याच्या संपादकांत भारतातलेही लोक आहेत, इतक्या वर्षांच्या नामांकनांनंतर पहिल्यांदा जिंकलं. मी ओळखत कोणालाच नव्हते आणि उभी राहून ओरडत होते. बहीण म्हणाली, "ताई, बस खाली, मागच्यांना दिसत नाहीये."

त्या नादात घड्याळ बघायचं राहिलं. त्या उन्हाळ्यात चालकांच्या वादामुळे स्कॉटलंडमध्ये रेल्वेचं तात्पुरतं वेळापत्रक लागू होतं, रात्रीच्या आणि रविवारच्या गाड्या कापलेल्या. एक्झिबिशन सेंटर स्टेशनावर जाणाऱ्या झाकलेल्या पुलावरून आम्ही पळत गेलो, गाडी नाही. परत खाली आलो तर टॅक्सीची रांग लांबच लांब. एक गाडीवाला रांगेबाहेर थांबून म्हणाला, पंचवीस पौंड, मीटर नाही. दिवसा तेच अंतर मीटरने दहाच्या आत पडलं होतं. मी तावातावाने नाही म्हटलं आणि आम्ही चालत निघालो. नदीवरचा वारा, किंग्स्टन पुलाखालचा अंधार, बहिणीच्या पायात समारंभाचे उंच टाचांचे बूट. निम्म्या वाटेत ती म्हणाली, "तत्त्वाचे पंधरा पौंड मी दिले असते." पुलाखालून रात्री जाऊ नका. चोर भेटले नाहीत, पण पंधरा पौंडांसाठी ती वाट नको. शेवटच्या गाडीची वेळ दुपारीच हातावर लिहून ठेवा.

पुढचं संमेलन २०२६ मध्ये अमेरिकेत अनाहाइमला, २७ ते ३१ ऑगस्ट, त्यानंतर २०२७ ला माँट्रियल. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आधी धरा, सभासदत्व नंतर. २०२५ चं संमेलन भरवणाऱ्या सिअॅटलने बिझनेस मीटिंग जुलैमध्ये ऑनलाइनच उरकली. अनाहाइमची कशी आहे ते आधी तपासा. ऑनलाइन असेल तर घरी पंख्याखाली बसून करा, चिक्की हाताशी असेल. मी मात्र टाचांच्या बुटांची दुरुस्ती बहिणीला देणं लागते, ती अजून मागते आहे.