जुलैतली मोजणी

बैलगाडीचे आठ. मोटारीचा एक, दुचाकीचा अर्धा, ट्रकचे किंवा एसटीचे तीन, ट्रॉली जोडलेल्या ट्रॅक्टरचे साडेचार. रस्त्यावरून दिवसभरात जे काही गेलं ते या हिशेबात बसवायचं, बेरीज मारायची आणि तिला म्हणायचं पीसीयू, म्हणजे पॅसेंजर कार युनिट, सगळी वाहनं मोटारींच्या मापात. भारतीय रस्ते काँग्रेसचा हा तक्ता मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल, कारण गेली अकरा वर्षं मी रस्त्यांचे डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, करणाऱ्या एका सल्लागार कंपनीत वाहतूक मोजणीचं काम बघतो. बैलगाडी केवढीशी, पण ती पुढं असली की मागचे सगळे तिच्याच चालीनं चालतात, म्हणून तिचे आठ. सपाट मुलखात दुपदरी रस्ता दिवसाला १५,००० पीसीयूपर्यंत पुरतो असं धरतात. बेरीज त्याच्या बरीच खाली राहिली तर आहे तो रस्ता सुधारा, साइडपट्ट्या पक्क्या करा, मिटला विषय. वर गेली की चौपदरीची भाषा सुरू होते.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी रस्त्याबद्दलच्या गावकऱ्यांच्या सभेत हे मला माहीत होतं आणि समोर बसलेल्यांना नव्हतं.

रस्ता कोल्हापूर जिल्ह्यातला, राज्यमार्ग, वारणेच्या बाजूचा, आमच्या वाट्याला आलेला तुकडा २८ किलोमीटरचा. मधोमध बाजाराचं मोठं गाव. गावातून रस्ता जातो तिथं दोन एसटी समोरासमोर आल्या की एका कंडक्टरला खाली उतरावंच लागतं. पर्याय तीन होते: पेठेतूनच रुंदीकरण, गावाच्या उत्तरेनं नदीकडून बायपास, किंवा दक्षिणेनं कालव्याखालच्या उसातून बायपास. तिन्हींचा नकाशा मी देवळाच्या सभामंडपात कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीला टांगला होता.

पेठेतल्या दुकानदारांना रुंदीकरण नको होतं, कारण पायऱ्या आणि ओटे जाणार. पायऱ्या आणि ओटे मुळात रस्त्याच्या हद्दीत आहेत हे तिथं बोलायची सोय नसते. त्यांना बायपासही नको होता, कारण गिऱ्हाईक बाहेरच्या बाहेर जाणार. म्हणजे रस्ता हवा, पण आहे तिथं नको आणि दुसरीकडेही नको. उत्तरेचा पर्याय पाच मिनिटांत पडला, आणि तो पडला ते बरंच झालं. एक म्हातारबाबा उठून म्हणाले, "२०१९ ला शिरोलीपाशी हायवे किती दिवस पाण्यात हुता, आठवतंय का? नदीच्या अंगाला भराव घातला तर पाणी जाणार कुठं? आमच्या सोप्यात." भराव नको, कमानींवर रस्ता उचला, अशी सूचनाही त्यांनीच केली. आमच्या पूरविषयक प्रकरणात हे पंधरा पानांत लिहिलंय, आणि त्यांच्याइतकं स्पष्ट नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "शक्तिपीठावानी हेबी रद्द करा." शक्तिपीठ महामार्ग, पवनार ते पत्रादेवी, मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे, त्या रस्त्याचं नाव काढलं की या पट्ट्यात सभेचा आवाजच बदलतो. मोठ्या महामार्गांवर विधानसभेत दिवसेंदिवस चर्चा होते, आणि ज्या राज्यमार्गावरून माणसं रोज दवाखान्यात, बाजाराला, कारखान्यावर जातात त्याचं भवितव्य अशा एखाद्या सभामंडपात चहा येईपर्यंत ठरतं.

मग मी आकडा सांगितला. सात दिवस, चोवीस तास मोजणी. हंगामी दुरुस्ती धरून सरासरी ११,००० पीसीयूच्या थोडी वर.

तिसऱ्या रांगेतला एक तरुण उठला. निळा शर्ट, खिशात पेन. "साहेब, मोजलं कवा तुम्ही?"

"जुलैत."

"जुलैत कारखाना बंद असतोय न्हवं?"

इथं मला थोडी बाजू मांडू द्या. मोजणी वर्षातून दोनदा करावी, एकदा सुगीच्या दिवसांत आणि एकदा रिकाम्या दिवसांत, हे पुस्तकात लिहिलेलं आहे आणि मी ते आमच्या टीम लीडरना लेखी कळवलं होतं. कामाचा आदेश मिळाला जूनमध्ये आणि अहवाल हवा होता सप्टेंबरात. टीम लीडर हुशार माणूस, पण त्यांना रस्ता फक्त बार चार्टमध्ये दिसतो. "सीझनल फॅक्टर लाव," म्हणाले. हा फॅक्टर काढायचा कसा, तर आसपासच्या पंपांवरून महिनावार डिझेल आणि पेट्रोलची विक्री घ्यायची आणि त्यावरून कोणत्या महिन्यात वाहतूक किती फुगते ते ठरवायचं. पद्धत चुकीची नाही, सगळे तीच वापरतात. पण उसाचे बरेच ट्रॅक्टर डिझेल भरतात कारखान्याच्या पंपावर, आणि त्या पंपाचा आकडा आमच्याकडं नव्हता. बैल तर डिझेल पीतच नाहीत.

मोजणी मात्र चोख होती, त्याबद्दल मी कुणाचं ऐकून घेणार नाही. कॉलेजची पोरं आठ-आठ तासांच्या पाळीला बसवली होती. दर पंधरा मिनिटांना नवा रकाना, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. पावसात कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरते, म्हणून व्हिडिओवर विसंबलो नाही. पहाटे अडीच ते चार या वेळात पोरं झोपतात आणि सकाळी मनानं आकडे भरतात. असा कागद मी लांबून ओळखतो. खऱ्या रात्रीत एका रकान्यात शून्य, पुढच्यात सात, मग एक असं असतं. झोपलेल्या पोराच्या रात्रीत सगळीकडं तीन-चार, तीन-चार. अशा दोन रात्री मी पुन्हा मोजून घेतल्या. एवढं करून महिनाच चुकीचा.

निळा शर्टवाला कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला होता. त्यानं मोबाईल काढला आणि मागच्या हंगामातली आवक वाचायला लागला. या रस्त्यानं येणाऱ्या डबल ट्रॉल्या दिवसाला तीनशेच्या आसपास, टायरगाड्या, म्हणजे टायरच्या बैलगाड्या, दीडशे. येताना भरून, जाताना रिकाम्या. कारखाना गावाच्या पलीकडं तीन किलोमीटरवर, म्हणजे प्रत्येक खेप पेठेतून दोनदा. मी उभ्या उभ्या वहीच्या मागच्या पानावर मांडलं. तीनशे गुणिले साडेचार गुणिले दोन, २,७००. दीडशे गुणिले आठ गुणिले दोन, २,४००. त्यातही दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला तक्त्यात वेगळा रकाना नाही, म्हणून त्याचे साडेचारच धरले. त्या गाडीमागं सांजच्याला कधी अडकला असाल, तर साडेचार ही चेष्टा आहे हे तुम्हाला पटेल. पुढं गाण्यांचा दणका, मागं दोन्ही ट्रॉल्यांबाहेर झुकलेला ऊस, आणि दिव्याच्या जागी एक लाल फडकं.

"म्हणजे तुमचा आकडाच खोटा," तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुकानदारांनी जास्त वाजवल्या. हातातला माइक खाली ठेवून मी "मुद्दा बरोबर आहे, हंगामात पुन्हा मोजू" असं म्हटलं, तर पुन्हा टाळ्या.

वहीवर सोळा हजारांच्या वर बेरीज झाली होती. १५,००० च्या वर. ज्यांना जमीन द्यायची नव्हती, ओटे द्यायचे नव्हते, ते सगळे मिळून चौपदरीचा पुरावा माझ्या हातात देत होते आणि मला हरवलं म्हणून खूश होते. दुपदरी बायपासला आम्ही ३० मीटरचा पट्टा आखला होता. चौपदरी म्हटला की ६० चा. दक्षिणेचा बायपास पाच किलोमीटरचा, म्हणजे पट्टा दुप्पट झाला की क्षेत्र ३० हेक्टर, पाऊणशे एकर कालव्याखालचा काळा ऊस. हे मी त्या वेळी बोललो नाही.

शेजारी बसलेल्या सरकारी उपअभियंत्यांनी ते पान वाचलं असावं, कारण त्यांनी पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं. सभा संपल्यावर एवढंच म्हणाले, "लोकांनी मागितलंय, आपण काय करणार."

चहाच्या वेळी तो पोरगा माझ्यापाशी आला. रागबिग काही नाही, "काय वाईट वाटून घेऊ नका साहेब." त्यांचं अडतीस गुंठे आहे, कालव्याच्या खालच्या अंगाला, विहीर बांधावर. त्यानं नकाशावर बोट ठेवून दाखवलं. ३० च्या पट्ट्यात त्याच्या बांधाकडच्या चार सऱ्या जात होत्या. ६० ची रेघ मी मनातल्या मनात ओढली, तर विहीर आत. "आमचं वाचतंय न्हवं जवळजवळ?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. ते खोटं नव्हतं.

जानेवारीत पुन्हा सात दिवस मोजलं. पोरं थंडीत शेकोटी करून बसली आणि जागी राहिली. बेरीज त्याच्या हिशेबापेक्षाही थोडी जास्त आली. मी ती जशीच्या तशी अहवालात घातली. कमी दाखवायला हात धजला नसता आणि तसं कुणी सांगितलंही नव्हतं. भूसंपादनाचा नकाशा दुसऱ्या टेबलावर असतो, माझं प्रकरण चौथं, तिथं माझं काम संपतं. आमच्या ऑफिसात सगळ्यांचं काम कुठल्या तरी प्रकरणाशी संपतं.

सभेत दिलेला माझा नंबर त्याच्याकडं आहे. हंगाम चालू आहे तोवर रोज सकाळी साडेसातच्या सुमारास त्याचा व्हॉट्सॲप येतो, काट्यावरच्या रांगेचा फोटो आणि खाली, "आज डबल ३२६, गाड्या १४१. लिहून घ्या साहेब." मी अंगठा पाठवतो.