आधी मीटर, मग पिशवी

पर्यावरणाला जपायचं ठरवलं की बहुतेक घरांत पहिल्यांदा खरेदी होते. कापडी पिशव्या, स्टीलच्या नळ्या, बांबूचे ब्रश. हेतू चांगला असतो, पण क्रम उलटा होतो. सुती कापडाची पिशवी तयार करायला पाणी आणि ऊर्जा इतकी लागते की ती निदान पन्नासेक वेळा वापरली तरच हवामानाच्या हिशेबात साध्या प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा बरी ठरते. घरात आधीच वीस पिशव्या पडून असतील, तर एकविसावी आणून काहीच साधत नाही. घराचा खरा भार पडतो तो पाणी आणि खोल्या गरम-थंड करण्यावर, प्रवासावर, वाया जाणाऱ्या अन्नावर आणि लवकर टाकून दिलेल्या वस्तूंवर. म्हणून सुरुवात मोजण्यापासून करावी.

रात्री झोपताना वीजमीटरवरचा आकडा दशांशासकट लिहून ठेवा आणि सकाळी उठल्यावर पुन्हा वाचा. हे अशा रात्री करा, जेव्हा हीटर किंवा एसी चालू नसेल. एक युनिट म्हणजे १००० वॅट तासभर. समजा ८ तासांत १.२ युनिट वीज गेली, म्हणजे सरासरी १५० वॅट सतत चालू होते. दिवसाला १ युनिट खाणारा फ्रीज सरासरी ४२ वॅटच घेतो. मग उरलेले शंभरेक वॅट कोण घेतंय ते शोधायचं. बहुतेकदा टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, स्पीकर, गेमिंगचं यंत्र, स्टँडबायवरचा संगणक किंवा कायम गरम राहणारी गिझरची टाकी सापडते. वर्षभर अखंड चालणारा प्रत्येक वॅट ८.७६ युनिट खातो, म्हणजे शंभर वॅटचे वर्षाला ८७६ युनिट झाले. टीव्ही आणि त्याच्या आजूबाजूची सगळी उपकरणं एकाच बटणाच्या एक्स्टेंशन बोर्डवर घेतली की झोपताना एक बटण दाबून काम होतं. प्रत्येक प्लग वेगळा काढायचा नियम चार दिवसांत मोडतो, त्यामुळे तो करूच नये.

आता गरम पाणी. इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक घरांत याचा अंदाजच नसतो. १ युनिट ऊर्जेत ८६० लिटर पाणी फक्त १ अंशाने तापतं. मिनिटाला ९ लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर ९० लिटर पाणी जातं. ते २५ अंशांनी तापवायला साधारण २.६ युनिट लागतात. तेवढ्याच विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा बारा दिवस रात्रंदिवस जळेल. दिवा बंद करण्यावरून मुलांना बोलणाऱ्या घरात शॉवरवर चर्चाच होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. दिवे बंद करावेतच, पण त्यातून मोठी बचत होईल अशी आशा धरू नये.

शॉवरचा प्रवाह मोजायला खुणा असलेली बादली घ्या. दहा सेकंद पाणी सोडा आणि जमलेल्या लिटरना सहाने गुणा. मिनिटाला ९-१० लिटरहून जास्त येत असेल, तर कमी प्रवाहाचा शॉवर किंवा प्रवाह रोखणारी छोटी चकती बसवता येते. ६ लिटरचा प्रवाह आणि पाच मिनिटांची आंघोळ मिळून ३० लिटर होतात, म्हणजे आधीच्या एक तृतीयांश. एक अडचण मात्र येऊ शकते. टाकी नसलेल्या, लगेच पाणी तापवणाऱ्या गिझरला पेटायला किमान प्रवाह लागतो. त्याच्या खाली गेलं की तो मध्येच बंद पडतो आणि अंगावर एकदम थंड पाणी येतं. चकती घेण्याआधी गिझरच्या पुस्तिकेत हा आकडा बघून घ्या.

टाकीचा गिझर असेल तर वीज वाचवण्यासाठी त्याचं तापमान ४५ अंशांवर आणू नका. कोमट साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांच्यामुळे न्यूमोनिया होऊ शकतो. टाकी ६० अंशांवरच ठेवा आणि बचत वेळेतून करा. पाणी लागण्याआधी गिझर चालू करायचा, काम झालं की बंद. टायमर लावणार असाल तर त्याची अँपिअर क्षमता तपासा. २ ते ३ किलोवॅटच्या गिझरला लहान उपकरणांसाठीचा टायमर लावला तर तो तापून वितळतो. टाकीतून निघणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपावर सुरुवातीचा मीटर-दोन मीटरचा फोमचा वेढा चढवला, तर पाइपातून वाया जाणारी उष्णता कमी होते.

नळाची धार बारीक झाली म्हणून नळ बदलू नका. तोंडाची जाळी फिरवून काढा, अर्धा ते एक तास व्हिनेगरमध्ये बुडवा, जुन्या ब्रशने घासा. साठलेले क्षार निघून जातात. ठिबकणाऱ्या नळाखाली तासभर भांडं ठेवा. त्यात २०० मिलिलिटर जमलं, तर दिवसाला जवळजवळ ५ लिटर होतात. दांडा अनेक फेरे फिरवावा लागणाऱ्या जुन्या पद्धतीच्या नळात दोष बहुधा आतल्या रबरी वॉशरचा असतो. पाण्याचा मुख्य कॉक बंद करून तो बदलायला पाच मिनिटं लागतात. नवा वॉशर टाकूनही ठिबकत असेल, तर वॉशर ज्यावर बसतो ती धातूची कडा खडबडीत झालेली असते आणि तीच घासून गुळगुळीत करावी लागते.

सगळ्यात जास्त पाणी मात्र न दिसता जातं, आणि ते फ्लशच्या टाकीतून. टाकीत खाद्यरंगाचे काही थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडच्या भांड्यातल्या पाण्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबरी झाकण नीट बसत नाही. त्याच्यावर क्षार जमलेले असतील तर पुसून भागतं, रबर कडक झालं असेल तर बदलावं लागतं. साखळी फार घट्ट असली तरी झाकण अर्धवट उघडं राहतं, म्हणून आधी तिला थोडी ढील द्या.

स्वयंपाकघरात एक गोष्ट सगळ्यांना सांगावीशी वाटते. उघड्या भांड्यातलं पाणी एकदा उकळलं की आच कितीही वाढवली तरी त्याचं तापमान वाढत नाही. समुद्रसपाटीला ते १०० अंशांवरच राहतं, जास्तीची ऊर्जा फक्त वाफ करण्यात जाते. म्हणून उकळी आली की आच मंद करायची आणि झाकण ठेवायचं. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, वेळ त्यामुळेच वाचतो. कुकरचं प्रेशर धरलं की तिथेही आच कमीच ठेवावी.

फ्रीजचा आतला भाग ४ अंशांवर आणि फ्रीझर उणे १८ अंशांवर असावा. डायलवरचे आकडे तापमान सांगत नाहीत. पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून पेला रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी वाचा. दाराच्या रबरी पट्टीत कागद अडकवून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर तिथून गारवा बाहेर जातोय. बहुतेकदा पट्टीवर चिकटलेली घाणच कारण असते आणि ती कोमट साबणाच्या पाण्याने निघते. फ्रीजच्या मागच्या नळ्यांवरची धूळ वर्षातून दोनदा काढा, प्लग आधी काढून.

आता अन्न. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ सालच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घरांतून गेलं. त्याच्यामागचं पाणी, खत, इंधन हे सगळं त्याच्याबरोबर गेलं. म्हणून उरलेल्याचं खत करणं चांगलं असलं तरी ते न उरवणं त्याहून कितीतरी मोलाचं आहे.

एक आठवडा टाकलेलं खाण्याजोगं अन्न एका डब्यात जमवा आणि डब्यावर चिकटवलेल्या कागदावर कारण लिहा: जास्त शिजवलं, विसरलं, सडलं, आवडलं नाही. आठवडाअखेर एकच कारण पुन्हा पुन्हा दिसेल आणि उपायही तिथेच करायचा. ‘विसरलं’ असेल तर फ्रीजमध्ये डोळ्यांच्या उंचीवर एक ट्रे ठेवा. लवकर संपवायचं ते सगळं त्यात, आणि स्वयंपाकाला सुरुवात त्या ट्रेपासून. ‘सडलं’ असेल तर साठवण बघा. केळी, सफरचंद, टोमॅटो पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि त्याने शेजारच्या पालेभाज्या पिवळ्या पडतात. बटाटे अंधारात आणि कांद्यापासून लांब ठेवा. पालेभाजी धुऊन ओलीच ठेवली की दोन दिवसांत चिकट होते. ती न धुता कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवावी. ‘जास्त शिजवलं’ असेल तर उरलेलं एका जेवणापुरत्या सपाट डब्यांत गोठवा आणि डब्यावर तारीख लिहा, नाहीतर फ्रीझरमध्ये फक्त विसरण्याची जागा बदलते.

साली, देठ, गाळलेला चोथा तरीही उरतोच. तो कचऱ्याच्या डोंगरात दाबला गेला की हवेविना कुजतो आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. खताला जागा फार लागत नाही. झाकणाच्या २० लिटरच्या दोन बादल्या पुरतात. बाजूंना दहा-दहा सेंटिमीटरवर आणि तळाला पाच-सहा, अशी ८ मिलिमीटरची भोकं पाडा. बादली ताटात दोन विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा जाते आणि पाणी निथळतं. तळाशी वाळलेल्या पानांचा किंवा फाडलेल्या पुठ्ठ्याचा ५ ते ७ सेंटिमीटर थर द्या, त्यावर दोन मुठी जुनं खत किंवा बागेतली माती.

रोजचा ओला कचरा बोटाच्या पेराएवढा चिरून टाकायचा आणि त्यावर आकारमानाने दुप्पट सुका माल पसरायचा. खत बिघडतं ते बहुधा याच टप्प्यावर, कारण ओलं रोज मिळतं आणि सुकं संपतं. म्हणून बादलीशेजारी सुक्या पानांचं पोतं भरलेलं असल्याशिवाय सुरुवातच करू नका. तीन-चार दिवसांनी काठीने तळापर्यंत ढवळा. मुठीत दाबल्यावर पिळलेल्या कपड्यासारखा ओलावा जाणवावा. पाणी ठिबकलं तर पुठ्ठा घाला, माल कोरडा लागला तर पाणी शिंपडा.

वासावरून दोष ओळखता येतो. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे नायट्रोजन जास्त, सुकं वाढवा. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे आत हवा नाही, ढवळा आणि तळाची भोकं मोकळी करा. बारीक माश्या झाल्या तर ओलं उघडं राहिलंय, वर दोन इंच सुका थर द्या. काहीच घडत नसेल तर माल कोरडा आहे किंवा तुकडे मोठे आहेत. मांस, तेल, दुग्धजन्य पदार्थ या बादलीत नकोत. लहान बादली घनमीटरभर ढिगासारखी ५५-६० अंशांपर्यंत तापत नाही, त्यामुळे बिया आणि रोगट पानंही टाकू नका, ती जिवंत राहतात.

पहिली बादली भरली की तिला दोन-तीन महिने मुरू द्या आणि दुसरी सुरू करा. अधूनमधून ढवळणं आणि ओलावा बघणं चालूच ठेवा. तयार झालंय का ते बघायला मूठभर खत ओलसर करून बंद पिशवीत तीन दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर तयार, आंबूस आला तर अजून थांबा. कच्चं खत मुळं जाळतं. वापरताना एक भाग खताला तीन ते चार भाग माती घ्या.

कपड्यांबद्दल थोडक्यात. गरम धुण्यातली बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते, त्यामुळे रोजचे कपडे ३० अंशांवर किंवा थंड पाण्यात धुवा. आजाऱ्याच्या चादरींसारख्या गोष्टींना गरम पाणी राखून ठेवा. मशीन भरल्यावर कपड्यांच्या वर एक तळहात जागा राहावी. साबण जास्त घातला तर तो धुऊन निघत नाही, दारातल्या रबरात साठतो आणि दुर्गंधी येते. वाळवायला दोरी आणि वारा पुरतो.

सफाईसाठी व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करण्याचा सल्ला फार फिरतो. तो सोडून द्या. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि उरतं ते सोडियम अ‍ॅसिटेट नावाच्या क्षाराचं पाणी. फेस दिसतो, सफाई होत नाही. घासायला सोडा वेगळा, क्षार काढायला व्हिनेगर वेगळं, आणि संगमरवरावर व्हिनेगर अजिबात नको, दगड खराब होतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

घरच्यांना सामील करून घ्यायचं तर भाषण नको, काम द्या. मुलांना आठवड्यातून एका ठरलेल्या वारी मीटर वाचून भिंतीवरच्या कागदावर लिहायला सांगा. आकडा अचानक वर गेला की कारण तीच शोधून काढतात. ज्याला यात रस नाही त्याच्याशी वाद न घालता व्यवस्था बदला: सुक्या कचऱ्याचा डबा ओल्याच्या शेजारी, चालत जाण्याजोग्या अंतरासाठी छत्री आणि पिशवी दाराजवळ.

पुनर्वापराच्या डब्यात जाणारं प्लास्टिक खरकटं नसावं, नाहीतर त्याच्यामुळे कागदही वाया जातो. चकचकीत बहुपदरी वेष्टनं आणि गुळगुळीत पावत्या बहुतेक ठिकाणी घेतल्या जात नाहीत, त्या वेगळ्या काढा. लिथियमच्या बॅटऱ्या साध्या कचऱ्यात कधीच टाकू नका, दाबल्या गेल्या की पेट घेतात. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून त्या कोरड्या प्लास्टिकच्या डब्यात जमवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. फुगलेली बॅटरी मात्र साठवून ठेवू नका, ती लगेच नेऊन द्या.