उचललेल्या जिप्सीचं कॅस्टर: पाचर कुठल्या तोंडाने बसवायची

लांब शॅकल (पाट्याचं, म्हणजे पट्टीच्या स्प्रिंगचं, टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) लावून पुढून उचललेली जिप्सी इंदूरच्या गल्ल्यांत ठीक चालते. बायपासवर 70–80 चा वेग धरला की मात्र ती भरकटायला लागते. स्टीअरिंग सतत सावरावं लागतं, आणि वळण संपलं तरी चाकं आपणहून सरळ होत नाहीत. मग टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली ठेवण्याचं माप) बदललं जातं, स्टीअरिंग बॉक्स घट्ट केला जातो, तरी गाडी होती तशीच राहते. कारण कॅस्टर गेलेलं असतं.

किंगपिन म्हणजे चाक ज्याभोवती डावी-उजवीकडे वळतं तो उभा खिळा. त्याचं वरचं टोक मागे झुकलेलं असतं, तो कोन म्हणजे कॅस्टर. जिप्सीला तो साडेतीन अंशांच्या आसपास असतो, विलीस घराण्यातल्या जुन्या जीपला 3. चाकाची त्रिज्या 350 मि.मी. धरली तर साडेतीन अंशांना किंगपिनची रेषा टायर टेकतो त्याच्या 21 मि.मी. पुढे जमिनीला भेटते. चाक त्या बिंदूमागून ओढलं जातं, म्हणून सरळ राहतं. अर्ध्या अंशाला हे अंतर उरतं 3 मि.मी.!

या दोन्ही गाड्यांत पुढच्या पाट्यांचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाट्याचं पुढचं टोक चेसिसच्या मानाने खाली जातं आणि एक्सल पुढे कलतो. पाट्याच्या दोन डोळ्यांमध्ये 950 मि.मी. अंतर असेल आणि शॅकल 50 मि.मी. ने वाढवला, तर हा कल 3 अंश होतो. उंची मिळते जेमतेम 25 मि.मी. माझ्या मते हा सौदा तोट्याचा आहे; उंची नवीन पाट्यांतूनच घ्यावी. मागची बाजू जास्त उचलली तरी कॅस्टर जातं. जिप्सीच्या 2375 मि.मी. व्हीलबेसवर मागे 40 मि.मी. जादा म्हणजे 1 अंश कमी. बॉडी लिफ्टचा (चेसिसवरून फक्त बॉडी उचलण्याचा) मात्र कॅस्टरशी काही संबंध नाही.

आधी मोजा. सपाट फरशी, टायरमध्ये सारखी हवा, नेहमीचं सामान आत, चाकं सरळ. किंगपिनच्या वरच्या कॅपचा सपाट भाग घासून स्वच्छ करा आणि त्यावर डिजिटल अँगल गेज गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवा. दोन्ही बाजूंना मोजा. फरक अर्ध्या अंशापेक्षा जास्त निघाला तर एखादा पाटा बसलाय किंवा एक्सल वाकलाय. अशा वेळी दोन बाजूंना वेगवेगळ्या पाचरी घालू नका, एक्सलच्या नळीला पीळ बसतो. किंगपिनचे बेअरिंग आणि शॅकलचे बुश ढिले असतील तर ते आधी बदला, नाहीतर आकडाच खोटा येईल.

आता पाचर, म्हणजे पाटा आणि एक्सलच्या मध्ये घालायचा उतरता तुकडा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. जिप्सीत पाटा एक्सलच्या खाली असतो. पाचरीची जाड बाजू पुढे ठेवायची, म्हणजे एक्सलचं पुढचं अंग उचललं जातं आणि किंगपिन मागे झुकतो. पाटा एक्सलच्या वर घेतला असेल तर नेमकं उलट, जाड बाजू मागे. उलटी बसली तर 3 अंश मिळण्याऐवजी आणखी 3 जातात आणि गाडी हातात राहत नाही.

पुढच्या एक्सलला ॲल्युमिनियमची पाचर लावू नका, ती दाबाने चेपते आणि तडकते. लोहामंडीतून लोखंडी पट्टी घ्या, पाट्याच्या रुंदीची, आणि मिलिंगवर उतार काढून घ्या. 100 मि.मी. लांबीवर 3 अंशांना जाडीतला फरक 5.2 मि.मी. येतो, बारीक टोक 3 ठेवलं तर जाड टोक 8.2. ग्राइंडरने अंदाजे काढलेला उतार चालत नाही, पाटा टेकत नाही.

पाचर सेंटर बोल्टने पाट्यालाच कसा. बोल्ट तेवढा लांब घ्या, आणि त्याचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण बसलंय हे हाताने चाचपून बघा. ते बाहेर राहिलं तर ब्रेक मारताना एक्सल सरकतो. पाटा एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या. जुने ताणलेले असतात. ते आडवेतिडवे, थोडे थोडे कसा. 100 कि.मी. नंतर आणि पुन्हा 500 नंतर तपासा.

याची किंमत पिनियनला (एक्सलमधला, प्रॉपेलर शाफ्ट जोडला जातो तो गिअर) मोजावी लागते. एक्सल मागे झुकला की पिनियनचं तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या दोन क्रॉसचे (सांध्यांचे) कोन जुळत नाहीत. फ्री-व्हील हब (पुढची चाकं एक्सलपासून सोडवणारे) मोकळे असतील तर 2 एच मध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर चालताना, शाफ्ट फिरतच नाही, त्यामुळे हायवेवर काही कळत नाही. चोरलच्या बाजूला 4 एच (चारही चाकांना ताकद) घातल्यावर मात्र घरघर ऐकू येते. म्हणून पाचर 4 अंशांच्या पुढे नेऊ नये. त्याहून जास्त लागत असेल तर पिनियन जागेवर ठेवून नकलच (एक्सलच्या टोकाचे, चाक धरणारे भाग) कापून फिरवावे लागतात. ते काम जिगवर करणाऱ्या वेल्डरचंच.

कॅस्टर जादा झालं तरी त्रास होतो. स्टीअरिंग जड होतं, माळव्याच्या काळ्या चिखलात तर फारच, आणि ठरावीक वेगाला चाकं थरथरू लागतात. मोठ्या टायरवर 3 ते 4 अंशांच्या मध्ये थांबा. शेवटी टो-इन पुन्हा लावा, आणि एक्सल पूर्ण खाली लोंबत असताना ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, ते बघा.