ओट्यासाठी दगड निवडताना: ग्रॅनाइट की क्वार्ट्झ?

जुना ओटा फोडून नवा करायचं ठरलं तेव्हा मला पांढरा क्वार्ट्झ हवा होता आणि सासूबाईंना काळा ग्रॅनाइट. नवऱ्याची अट एकच, "काहीही बसवा, पण दिवाळीच्या आत."

गंगापूर रोडच्या शोरूममध्ये क्वार्ट्झ फारच देखणा दिसत होता. सगळीकडे एकसारखा रंग, हवी तशी राखाडी शीर. विक्रेता म्हणाला, "मॅडम, हा नॅचरलच आहे." तसं नसतं. वजनाने साधारण ९० टक्के क्वार्ट्झ या खनिजाचा चुरा, बाकी पॉलिस्टर रेझिन आणि रंग. हे मिश्रण निर्वात साच्यात कंपनं देत दाबायचं, मग भट्टीत पक्कं करायचं. त्यामुळे त्याला सूक्ष्म छिद्रं जवळजवळ नसतात, पाणी मुरत नाही, सीलर लावावा लागत नाही. हे सगळे गुण खरेच. फक्त ते रेझिन उष्णतेला भितं. साधारण १५० अंशांच्या वरचं भांडं थेट ठेवू नका, असं सांगतात. आमच्याकडे फोडणीची कढई त्याच्या पुढे सहज जाते आणि ती उतरवताना खाली काही ठेवायला कुणाला सुचत नाही.

महामार्गाला लागून असलेल्या गोडाऊनमध्ये ग्रॅनाइटच्या स्लॅब उन्हात उभ्या होत्या. तिथे सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी बघितला. तो आंध्रातल्या ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीचा. बाजार त्याला ग्रॅनाइट म्हणतो, पण भूशास्त्राच्या हिशेबाने तो गॅब्रोच्या कुळातला, म्हणजे आपल्या काळाराम मंदिराच्या काळ्या बेसाल्टचा लांबचा भाऊबंद. बेसाल्ट लाव्हा जमिनीवर येऊन झटपट थंड झाला, गॅब्रो खोलवर सावकाश, म्हणून त्याचे स्फटिक मोठे. सासूबाईंना ही माहिती भलतीच आवडली. "मग देवळाचाच दगड की," म्हणाल्या. मी वाद घातला नाही.

तीन दगडांचे तुकडे मागून घरी आणले: पांढरा क्वार्ट्झ, फिकट राखाडी ग्रॅनाइट आणि काळा. तिघांवर हळद कालवलेलं तेल आणि लिंबाचा रस रात्रभर ठेवला. फिकट ग्रॅनाइटमध्ये तेल मुरून गडद चकता पडला, तो धुऊन गेला नाही. क्वार्ट्झवर पुसट पिवळी झाक राहिली. काळा जसाच्या तसा. मग गॅसवरून उतरवलेला तवा थेट टेकवला. क्वार्ट्झवर फिकट कडं उमटलं आणि तिथली चकाकी गेली. लिंबाने दोन्ही ग्रॅनाइटना काही केलं नाही. संगमरवर असता तर त्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटला आम्लाने खाल्लं असतं, म्हणून तो मी बघितलाही नव्हता. काळा दगड रंगवून विकल्याचं ऐकलं होतं, म्हणून नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस घासून बघितला. कापूस पांढराच राहिला.

मत बदलायला एवढं पुरेसं होतं. पण जुन्या ओट्याच्या वेळची एक गोष्टही मनात होती. तेव्हा कारागिराने आमच्या गॅलरीत कोरड्या कटरने दगड कापला होता, तोंडाला नुसता रुमाल. दगडाच्या बारीक धुळीतला सिलिका फुप्फुसात साठतो आणि त्यातून सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. क्वार्ट्झमध्ये सिलिका ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी जास्त. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली, ती कारागिरांसाठीच. वापरणाऱ्याला बसवलेल्या ओट्याचा धोका नाही, हेही तितकंच खरं. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असतोच, म्हणून काळा घेतानाही अट घातली की सिंकचा आणि शेगडीचा कट दुकानात पाणी सोडून मारायचा, घरी फक्त बसवायचं. मिस्त्री कुरकुरला, कारण मग माप आधी अचूक लागतं. मापाला तोच परत आला आणि भिंत काटकोनात नाही, हे तेव्हाच कळलं. ओटा बसवताना कळलं असतं तर कडेला फट राहिली असती.

भावाचं म्हणाल, तर आम्हाला मिळालेल्या कोटेशनमध्ये क्वार्ट्झ ग्रॅनाइटच्या दुपटीहून महाग होता. पण तुलना करताना नुसता स्क्वेअर फुटाचा आकडा बघू नका. कडेचं मोल्डिंग, सिंकचं कटिंग, खालच्या कप्प्यांचा कडप्पा आणि मजुरी वेगळी लागते. मोल्डिंग रनिंग फुटावर मोजतात. शिवाय सिंकच्या कटाजवळ जॉइंट येऊ देऊ नका, तिथला दगड आधीच अरुंद झालेला असतो.

क्वार्ट्झ वाईट नाही. रोजची फोडणी नसेल, चहा-टोस्टपुरतं किचन असेल तर तो खुशाल घ्यावा. बाथरूमच्या बेसिनखाली मीही तोच बसवला, तिथे कढई कोण नेतंय!

काळ्याची तक्रार एकच. आमच्या सोसायटीचं पाणी बोअरचं, सिंकभोवती ते वाळलं की पांढरे डाग उठून दिसतात. जेवणं झाली की कोरडं फडकं फिरवावं लागतं. ते काम नवऱ्याकडे दिलंय.