बाईचं रक्त चालेल का?

रक्तपेढीत डॉक्टर आहे म्हटल्यावर लोक मला हमखास विचारतात, की रुग्णाला कोणाचं रक्त चढतंय यानं काही फरक पडतो का? तरुण, धडधाकट पुरुषाचंच मागून घेतलेलं बरं नाही का? काउंटरवर नातेवाईक हेच आवाज खाली आणून विचारतात, "मॅडम, पिशवी बाईची नाही ना?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. शंका खुळचट नाही, संशोधकांनाही ती आली होती.

कॅनडातल्या ओटावाचा एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. रक्त घेतलेल्या तीस हजारांवर रुग्णांच्या नोंदी त्यांच्या रक्तदात्यांच्या नोंदींशी जुळवून पाहिल्या होत्या. दान केलेल्या रक्तातल्या लालपेशी वेगळ्या काढून भरलेली पिशवी बाईची असेल तर दर पिशवीमागे मृत्यूचा धोका सुमारे 8 टक्क्यांनी जास्त दिसला. विशीच्या आतल्या दात्यांच्या बाबतीतही तेवढाच. म्हणजे 'तरुण रक्त चांगलं' हा समज तर उलटाच पडला. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधून आलेल्या अभ्यासात पूर्वी गरोदर राहिलेल्या बायकांचं रक्त मिळालेल्या, पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत मृत्यू जास्त आढळले. पण त्याच 2017 साली स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या 9 लाख 68 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि तिथे दात्याच्या वयाचा किंवा लिंगाचा काहीच परिणाम दिसला नाही.

एकाच प्रश्नाची अशी दोन उत्तरं का यावीत? जो जास्त आजारी, त्याला जास्त पिशव्या लागतात. एक पिशवी लागलेल्याच्या वाट्याला बाईचं रक्त येईल किंवा येणारही नाही. वीस पिशव्या लागलेल्याच्या वाट्याला ते जवळजवळ नक्की येणार, विशीच्या आतल्या मुलाचंही येणार. हा दुसरा रुग्ण दगावला तर तो रक्तामुळे दगावला की ज्या आजारामुळे वीस पिशव्या लागल्या त्या आजारामुळे? आकडेमोड करताना पिशव्यांच्या संख्येचा हिशेब जरा ढोबळ ठेवला, की आजाराचा दोष दात्याच्या माथी येतो. स्वीडन-डेन्मार्कच्या संशोधकांनी नेमकं हेच दाखवून दिलं.

तरी जुन्या नोंदींवरून वाद मिटत नाही. मला कौतुक वाटतं ते ओटावाच्याच मंडळींचं. आपलाच निष्कर्ष त्यांनी कसाला लावला. 2018 ते 2020 या काळात 8,719 रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वाटून एका गटाला फक्त पुरुषांच्या आणि दुसऱ्याला फक्त बायकांच्या लालपेशी दिल्या. पिशवी कोणाची, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. 2023 साली निकाल छापून आला: दोन्ही गटांतल्या रुग्णांच्या जगण्यात फरक नाही. उपगटांत एखादा आकडा वेगळा निघाला आणि त्यावर अजून काम व्हायला हवं, पण मूळ प्रश्नाचं याहून भक्कम उत्तर आज आपल्याकडे नाही.

म्हणून लालपेशींची पिशवी बाईची आहे म्हणून परत करू नका. आपल्या शिबिरांत बायका आधीच कमी येतात, आणि आलेल्यांपैकी कितीतरी जणी हिमोग्लोबिन 12.5 भरत नाही म्हणून माघारी जातात. त्यातून जिनं रक्त दिलं तिची पिशवी कोणी नको म्हटली की मला फार वाईट वाटतं.

मात्र प्लाझ्माचं, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्तातल्या द्रवाचं, गणित वेगळं आहे. गरोदरपणात बाळाच्या, म्हणजे वडिलांकडून आलेल्या, पेशींविरुद्ध आईच्या शरीरात अँटिबॉडी, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं, तयार होऊ शकतात. गरोदरपणं वाढतील तशी ही शक्यताही वाढते. आईला त्यांचा त्रास नसतो. पण त्या असलेला प्लाझ्मा दुसऱ्याला चढवला तर क्वचित सहा तासांच्या आत रुग्णाच्या फुप्फुसांत पाणी भरतं, श्वास कोंडतो, जीवही जाऊ शकतो. ब्रिटननं 2003 पासून थेट चढवायच्या प्लाझ्मासाठी पुरुष दात्यांना प्राधान्य दिलं, आणि तिथे हा प्रकार स्पष्ट कमी झाला. लालपेशींच्या पिशवीत प्लाझ्मा अगदी थोडा उरतो, म्हणून तिथे ही भीती बरीच कमी. बाळंतपण झालेल्या बाईचा प्लाझ्माही वाया जात नाही. अल्ब्युमिनसारखी औषधं बनवायला तो पाठवता येतो.

दुसरी गोष्ट ऐकून लोक दचकतात. "माझ्या लेकराला माझंच रक्त द्या," असं बाप दंड पुढे करून सांगतो. सख्ख्या नात्यातलं रक्त तसंच चढवणं धोक्याचं असतं. दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असू शकतात की रुग्णाचं शरीर त्यांना परकं म्हणून ओळखत नाही. त्या आत मुक्काम करतात आणि मग त्याच शरीरावर उलटतात: त्वचा, यकृत, आतडी, अस्थिमज्जा. हे घडतं फार क्वचित, पण घडलं तर दहातला एखादाच रुग्ण वाचतो. अशा पिशवीवर आधी या पांढऱ्या पेशी निकामी करणारे किरण सोडावेच लागतात. ती सोय जवळ नसेल तर बापाचं रक्त दुसऱ्या कोणाला जाऊ द्या आणि लेकराला अनोळखी माणसाचं घ्या.

जातीचं, शाकाहारी माणसाचं रक्त मागणाऱ्यांसाठी माझ्याकडे वेळ नाही. त्याऐवजी दाता कोणती गोळी घेतो ते विचारा. मुरमांवरची आयसोट्रेटिनॉइन किंवा केसगळतीवरची फिनास्टेराइड घेणाऱ्याचं रक्त गरोदर बाईला गेलं तर पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो, म्हणून अशा दात्याला काही काळ थांबवतात. नुकत्याच झालेल्या संसर्गाचंही तसंच. तो तपासणीत लगेच सापडेलच असं नाही. हे सगळं कळतं ते रक्तदानाआधीच्या फॉर्मवरून आणि आमच्या समोरासमोरच्या बोलण्यातून. म्हणून बदली दाता, म्हणजे घेतलेल्या पिशवीच्या बदल्यात रक्त देणारा, घेऊन याल तेव्हा त्याला त्या खोलीत एकट्याला आत सोडा. मेव्हणा किंवा साहेब शेजारी उभे असले की माणूस आम्हाला खरं सांगत नाही.