कम्युनिटी कॉलेजातलं इंडस्ट्रियल इलेक्ट्रॉनिक्स: आधी लूप पक्का करा

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात इंडस्ट्रियल इलेक्ट्रॉनिक्सची असोसिएट पदवी साधारण दोन वर्षांची, 60 क्रेडिटच्या आसपास. ओहमचा नियम, मोटर कंट्रोल, पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) हे ओघाने येतंच. पण टेक्निशियनचा हात बसतो तो 4 ते 20 मिलिअँपिअरच्या लूपवर, म्हणजे सेन्सरचं माप करंटच्या रूपात कंट्रोलरपर्यंत नेणाऱ्या सर्किटवर.

0 ते 10 बारचा प्रेशर ट्रान्समीटर घ्या, म्हणजे दाब मोजून त्या प्रमाणात करंट देणारं उपकरण. 0 बारला 4, 5 बारला 12, 10 बारला 20 मिलिअँपिअर. मीटरवर 0 आला तर दाब शून्य नाही. तार तुटलीय किंवा 24 व्होल्टचा सप्लाय गेलाय. मोजणी 4 पासून सुरू करण्यातलं हे शहाणपण मला फार आवडतं. 250 ओहमच्या रेझिस्टरवर हाच करंट 1 ते 5 व्होल्ट दाखवतो.

करंट मोजताना मीटर सिरीजमध्येच लावा. लाल प्रोब मिलिअँपिअरच्या सॉकेटमध्ये तसाच ठेवून व्होल्टेज मोजायला गेलात की मीटरचा फ्यूज उडतो. पुढे करंट कायम 0 दिसतो आणि चांगला ट्रान्समीटर उगाच बदलला जातो.

480 व्होल्टच्या ड्राइव्हचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाचा) डीसी बस, म्हणजे एसीचा डीसी होऊन कपॅसिटरमध्ये साठतो तो भाग, सुमारे 680 व्होल्टचा. सप्लाय तोडला तरी कपॅसिटर भरलेलेच असतात. लेबलवरची मिनिटं थांबा, डीसी बसचा व्होल्टेज मोजा, मगच हात घाला.