बरगडी मोडल्यावर श्वास घेताना

हात मोडला तर प्लास्टर घालतात, पायाला सळई नाहीतर पट्टी मिळते. बरगडीच्या वाट्याला सहसा यातलं काहीच येत नाही. माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, म्हणजे दिवसाला सहज २० हजार वेळा, आणि दर श्वासाला बरगड्या हलतातच. मोडलेलं हाड हलवू नये हा नियम इथे पाळताच येत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे काढताना स्टूल कलंडलं आणि डावी कूस ओट्याच्या कडेवर आपटली. सातवी आणि आठवी बरगडी गेली. साध्या एक्स-रेत बरगडीची चीर पुष्कळदा दिसत नाही. माझ्या दोन्ही स्पष्ट दिसल्या, त्यामुळे ‘मुका मार आहे, शेकलंस की जाईल’ म्हणणाऱ्यांची सोय राहिली नाही.

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, “काकू, हाड आपलं आपण जुळेल, साधारण सहा आठवड्यांत. मला काळजी हाडाची नाही, फुप्फुसाची आहे.” दुखतं म्हणून आपण वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो, मग कफ खाली साचतो आणि न्यूमोनिया होतो. पूर्वी छातीला रुंद पट्टा आवळून बांधायचे, तेही याच कारणाने बंद झालं. (माझी जाऊ तरीही लेप आणि आवळपट्टीचा आग्रह धरून होती. लेपाला मी हो म्हटलं, पट्टीला नाही.) वेदनाशामक गोळ्या आणि तीन चेंडूंचं स्पायरोमीटर घेऊन घरी आले. नळीतून श्वास आत ओढायचा, चेंडू वर उचलायचे. पहिल्या दिवशी पहिला चेंडू नुसता थरथरला.

आडवं होणं जमेना, म्हणून पाठीशी उशा रचून अर्धवट बसून झोपत होते. शिंकेची तर धास्तीच घेतली होती. शिंक येतेय असं वाटलं की उशी कुशीवर घट्ट दाबून धरायची. घरात फर्मान निघालं होतं, फोडणीला मिरची नाही. ठसका लागला असता तर मी कोणाचंच ऐकून घेतलं नसतं.

आमच्या योगवर्गाच्या बाई भेटायला आल्या. त्यांचं शिक्षण लोणावळ्याच्या कैवल्यधामातलं. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी ती संस्था काढली, तेव्हापासून तिथे योगाला प्रयोगशाळेची शिस्त आहे. बाईंनाही सगळं तपासून घ्यायची सवय. आधी रिपोर्ट बघितला, डॉक्टरांशी फोनवर बोलल्या, आणि मला म्हणाल्या, “आसन वगैरे काही नाही हं. आधी उठायला शिकू.”

खरंच उठायला शिकवलं. दुखणार हे माहीत असलं की आपण श्वास रोखतो, पोट आवळतं आणि दुखणं दुप्पट होतं. बाईंचा नियम एकच, हालचाल करायची ती श्वास सोडताना. उजव्या कुशीवर वळा, थांबा, श्वास घ्या. आता तोंडाने हळू सोडत पाय खाली, हाताने रेटा द्या. पलंगावरून उठणं, कमोडवरून उठणं, रिक्षात चढणं, सगळं याच पद्धतीने. मला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला, आणि याला कोणी योग म्हणेल असं वाटत नाही.

मग खुर्चीत टेकून बसायचं, एक हात पोटावर, दुसरा उजव्या, न मोडलेल्या बरगड्यांवर. श्वास त्या हाताखाली भरायचा. दुखणं सुरू होतं त्याच्या जरा अलीकडे थांबायचं, आकड्यांच्या मागे लागायचं नाही. सोडणं मात्र घेण्यापेक्षा लांब. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, अजिबात नाही. थोडे दिवस गेल्यावर भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं, सुरू झाली, तीही कान न झाकता. कोपरं वर उचलली की कूस ताणते, म्हणून हात मांडीवरच. गुणगुणताना श्वास आपोआप लांबतो, मोजावा लागत नाही. रात्री दुखणं वाढलं की मी तेच करत बसे. दुखणं जात नसे, पण त्याच्याभोवतीची घाबरगुंडी ओसरायची आणि खांदे कानांपासून खाली यायचे.

भेटायला येणारा दर तिसरा माणूस कपालभाती सुचवून गेला. पोटाचे स्नायू आणि श्वासपटल खालच्या बरगड्यांनाच जोडलेले असतात; तिथे झटके द्यायचे म्हणजे जुळू पाहणारं हाड पुन्हा हलवायचं. हठप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथातच बजावून ठेवलंय, की प्राणायाम चुकीचा केला तर रोग जातात कसले, उलट उद्भवतात. हे सांगितलं की पाहुणे चहा संपवत.

‘आता गोळ्या बंद कर, योग करतेस ना’ हा सल्लाही फार मिळाला. माझ्या अनुभवात हे अगदी उलटं आहे. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने दुखणं खाली येई, आणि तीच वेळ बाईंनी श्वासासाठी आणि स्पायरोमीटरसाठी नेमून दिली होती. गोळी घ्यायची ती श्वास नीट घेता यावा म्हणूनच. त्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं आणि कुंथणं बरगडीला अजिबात मानवत नाही, हे मात्र आधी कोणी सांगत नाही. इसबगोल पहिल्या दिवसापासून घ्यावं. ताप आला, धाप लागली किंवा पिवळा-हिरवा कफ पडू लागला तर भ्रामरी करत बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

दुसरा चेंडू वर जायला लागल्यावर हात हलवायला परवानगी मिळाली. आधी भिंतीवर बोटं चालवत खांद्यापर्यंत, पुढे बसल्या बसल्या पर्वतासन, म्हणजे हात जोडून डोक्यावर ताणणं. उजवीकडे वाकणं सगळ्यात शेवटी आलं, कारण त्यात डावी कूस उघडते.

एवढ्याशा पडण्याने दोन बरगड्या मोडल्या म्हणून डॉक्टरांनी हाडांच्या घनतेची तपासणी करायला लावली. टी-स्कोअर उणे १.९ आला. उणे २.५ पासून खाली अस्थिठिसूळता म्हणतात, म्हणजे मी वाटेवर आहे. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू झालं. बाईंनी वर्गातल्या पन्नाशी उलटलेल्या सगळ्यांनाच तपासणीला पिटाळलं. दोघींची हाडं माझ्याहून ठिसूळ निघाली; त्यांचं पुढे वाकायचं पश्चिमोत्तानासन आता बंद आहे आणि उभ्याची आसनं वाढली आहेत.